विहाराच्या ओट्यापर्यंत लाँच

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. असं सांगितलं की शहरातल्या बाया आधी "अगं बाई" म्हणतात आणि मग साखर किती टाकू विचारतात. त्यांचं काही चुकत नाही. जे दिसत नाही त्याच्यासाठी माणसानं किती वेळ हळहळावं? मी तरी कुठं रोज रडते? पण यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्हाला समुद्रपूरच्या बाजूला उठवून नवं गाव दिलं, तेव्हा घरं इकडे आली आणि कित्येकांची वावरं पाण्याच्या पलीकडे राहिली. रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस फिरून जावं लागे. मग लोकांनी सागाच्या फळ्यांच्या नावा बांधल्या आणि वावरात पाणी ओढायला जे डिझेल इंजिन असतं तेच त्यांना बसवलं. इंजिन बसलं की नावेची लाँच झाली. आवाज असा, की नवरा-बायकोला भांडायचं असलं तर काठावर उतरूनच भांडावं लागे. त्या लाँचांमधून आम्ही कापूस आणला, बकऱ्या आणल्या, नवऱ्या मुली आणल्या, आजारी माणसं नेली. माझं माहेर अल्लीपूरचं, तिथं पाणी म्हणजे विहीर. पहिल्या फेरीत मी डोळे मिटून बसले होते आणि आमचे हे म्हणाले होते, "डोळे उघडून बुडशीन का झाकून बुडशीन, पाणी तेवढंच हाय." असं बोलणारा माणूस.

पुढे पूल झाला. चांगलंच झालं. पण पुलावरून पहिली एस.टी. गेली त्याच महिन्यात लाँचा काठावर चढल्या. कोणाची चुलीत गेली, कोणाची उधईनं खाल्ली. ज्यांनी राखल्या त्यांनी एक रीत पाडली. गहू निघाला की पुढच्या रविवारी सगळ्या लाँचवाल्यांनी मिळून निघायचं, जुन्या गावावर जायचं, तिथं इंजिनं बंद करून थोडा वेळ बसायचं आणि दुपारी परत काठावर येऊन रोडगे आणि वांग्याची भाजी खायची. धिवरांच्या लाँचा, कुणब्यांच्या लाँचा, आमच्या बौद्धांची एक. देवळाच्या जागेवर ते नारळ फोडत. आमच्या विहाराच्या जागेवर आम्ही मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायचो, तेव्हा तेही हात जोडून बसत. त्या दिवशी पाण्यावर फार भांडणं होत नसत. इंजिनं बंद असली तरी.

त्या रविवारचा एक नियम होता. ज्याची लाँच तोच जाणार, आणि सोबत त्याच्या घरची माणसं. दुसऱ्याच्या लाँचेत कोणी बसायचं नाही. सुरुवातीला पाहुणे, पुढारी, पाहुण्यांचे पाहुणे अशी भरमसाट माणसं चढली आणि एक लाँच उलटता उलटता राहिली, म्हणून हा नियम. केला आमच्या ह्यांनीच. आणि पाळला असा, की यांचा जिवाभावाचा मित्र, आमच्या नव्या गावातला म्हातारा धिवर, त्याची लाँच मोडल्यावर त्यानं विचारलं, "भाऊ, तुह्या लाँचेत बसू का?" तर हे म्हणाले, "रूल म्हणजे रूल." त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. तेव्हापासून तो काठावरच्या बाभळीखाली चूल मांडून चहा करतो आणि रोडगे भाजतो. मैत्री तुटली नाही. पण मला त्या बाभळीकडे बघवत नसे.

आता मूळ गोष्ट. ही आम्ही दोघांनी कोणाला सांगितली नव्हती.

जुन्या गावात विहाराचा ओटा बांधला तेव्हा सिमेंट यांनीच कालवलं होतं. आमची पहिली पोर तेव्हा नुकतीच पाऊल टाकायला लागलेली. ओटा ओला होता आणि यांनी तिला उचलून डाव्या हाताच्या कोपऱ्यात तिचं एक पाऊल दाबलं. ती हसली आणि मी ओरडले, सिमेंटनं कातडी जाईल म्हणून. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. तिचा फोटो नाही. कोण काढत होतं तेव्हा फोटो? तिचं कापडसुद्धा उरलं नाही. जगात तिचं म्हणून जे काही आहे ते त्या कोपऱ्यातलं पाऊल. दर वर्षी आमची लाँच बरोबर त्या कोपऱ्यावर उभी राहायची. ह्यांना जागा कशी कळायची कोण जाणे. खाली एवढं पाणी, काही दिसायचं नाही. हे पाण्यात हात घालायचे आणि मी मेणबत्ती धरायची. बाकीच्यांना वाटे, म्हातारा हात धुऊन राह्यला.

यंदा पाऊस कमी झाला आणि कालव्याला पाणी लवकर सुटलं. नव्या गावाहून मित्राचा फोन आला, "भाऊ, पाणी लय खाली गेलं. देवळाचा कळस उघडा पडला. यंदा तुमचा ओटाबी उघडा पडते वाटते." यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही तेव्हा वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला मुलाकडे होतो. यांना मागच्या वर्षी हार्टचा अटॅक येऊन गेला होता, डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केलेली. मागच्या वर्षीचा रविवार हुकला तो त्यामुळेच. पुढच्या वर्षीचं कोणी बोलत नव्हतं, डॉक्टरही नाही.

"जाऊ," हे म्हणाले. मी म्हटलं, "जाऊ."

पण लाँच? दोन वर्षं ती काठावर उन्हात उपडी पडलेली. सागाची फळी वाळली की आकसते, दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडतात. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमी टेन्शन घेऊ नका. मी करतो तयार." पोर गुणाचं आहे. वर्ध्यात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. ठोकर लागलेली गाडी अशी करतो की मालक स्वतःची गाडी ओळखत नाही. कामातून सुट्ट्या काढून तो नव्या गावात जाऊन राहिला. रोज संध्याकाळी फोन करून सांगायचा, आज घासली, आज भरली, आज रंगवली. त्याला ओट्यातल्या पावलाचं माहीत नव्हतं. बापाला एकदा लाँचेत बसवायचं, एवढंच त्याच्या मनात.

शनिवारी आम्ही गावात पोचलो. काठावर आलो आणि मी तर बाप्पा बघतच राहिले. निळीशार लाँच, नव्या कारसारखी चमकून राह्यलेली. तोंड दिसत होतं त्यात. गावातले लोक हात लावून बघत होते. कोणी म्हणालं, "यात एसी लावला का नाई बे?" पोरगा लाजत हसत होता.

हे काठी टेकत पाण्यात उतरले. दोन फळ्या जिथे जुळतात तिथे तळवा ठेवला आणि तसाच सरकवत नेला. मी त्या हाताकडे बघत होते. हात मध्येच थांबला. रंगाला केसासारखी बारीक भेग गेली होती, फळीच्या लांबीनं.

"फटीत काय भरलं बाबू?"

"पुट्टी. गाडीले भरतो थेच. दगडासारखी होते, बाबा. वरून प्रायमर, दोन हात पेंट. अन् मंग तुमी करता तशी आठ दिस निजवून बी ठेवली, पाणी अन् गोटे भरून. सकाळीच उपसली. थेंब नाई येत आत."

यांनी भेगेवरून हात काढून घेतला. मग म्हणाले, "मस्त केली."

वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगते. लाँचेच्या फटी आम्ही कापसानं भरत आलो. पंधरवडाभर मी कापसाच्या जाड वाती वळायची, हे त्या डांबरात बुडवून फटीत ठोकायचे. मग लाँच उथळ पाण्यात ठेवायची, तिच्यात पाणी आणि गोटे भरून आठवडाभर तशीच बुडवून ठेवायची. याला आम्ही लाँच निजवणं म्हणतो. वाळलेली फळी पाणी पिते, फुगते, कापूस दबतो आणि फट बंद होते. कापूस दबतो म्हणून चालतं. पुट्टी दबत नाही. फळीला फुगायचं असतं आणि बाजूला जागा नसते. मग ती कुठं जाईल? मुलाला गाडी येत होती आणि बापाची रीतही येत होती. त्यानं दोन्ही केलं. एकच केलं असतं तर लाँच एक दिवस तरी चालली असती.

ही गोष्ट मला गावातल्या घरी आल्यावर यांनी खालच्या आवाजात सांगितली. मी म्हटलं, "मंग त्याले सांगायचं ना!"

"काय सांगशीन? फळी फुगून बसली. आता का वाळवून मागं करता येते?"

"मंग उद्या?"

"एक फेरी निघते का पाहू. खिळे धरून ठेवले त् ठेवले." मग म्हणाले, "पोराले बोलू नको. जिवाले लावून घेईन."

रविवारी सकाळी लाँचा निघाल्या. पूर्वी काठ दिसत नसे इतक्या असायच्या, आता बोटावर मोजाव्या. पाणी खरंच खूप खाली गेलं होतं. इंजिनं सुरू झाली, धूर झाला, बायका एकमेकींना ओरडून विचारत होत्या मीठ घेतलं का, पोरं घेतली का. आमची निळी लाँच सगळ्यांत शेवटी. मुलगा यांना अलगद उचलून आत बसवत होता आणि हे म्हणत होते, "अबे, मी का पोतं हाव?" मी मेणबत्ती आणि माचिस पदराला बांधून बसले. खरं सांगते, मी मनात माझ्या त्या पोरीशी बोलत होते. येऊन राह्यलो बाई, म्हणत होते.

इंजिनची दोरी मुलानं ओढली. लाँच थरथरली. थोडी पुढे गेली. आणि माझ्या पायाखाली कडकन आवाज झाला, चुलीत ओलं लाकूड फुटावं तसा. मग दुसरा. फळी आतल्या फासळीवरून खिळ्यांसकट सुटून बाहेर निघाली आणि पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं. ओरडायला वेळही मिळाला नाही. पाणी कमरेएवढंच होतं, म्हणून आज लिहायला आहे. मुलानं उडी टाकून ह्यांना पाठीवर घेतलं. मी साडीसकट चालत बाहेर आले. मागे निळी लाँच तोंड वर करून तिथेच बसली, इंजिन फुर्र करून बंद पडलं.

बाकीच्या लाँचा फिरून परत आल्या. सगळ्यांचा एकच गलका. "भाऊ, या इकडं." "आमच्यात जागा हाये." एक जण तर म्हणाला, "रूल गेला खड्ड्यात, भाऊ!"

हे चिखलात बसले होते, छाती वरखाली होत होती. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलंच नाही. बाभळीखाली पाहिलं. तिथे मित्र हातात चहाची गाळणी घेऊन उभा होता.

"जा तुमी," हे म्हणाले. "ऊन वाढून राह्यलं."

"अहो, चला ना," मी म्हटलं. मी त्यांचा हात धरून ओढला. लोक काय म्हणतील याची मला तेव्हा काही पडली नव्हती. "तुमच्या रुलासाठी आपण नाई का जायचं? आजच? ओटा उघडा हाये आज!"

"कोन्या तोंडानं बसू?" एवढंच म्हणाले.

एका लाँचेतली बाई म्हणाली, "वहिनी, तुमी तरी या." मी पदर खोचला. गेलेच होते मी, तिच्या लाँचेच्या काठाला हात लागला होता. मागून यांचा खोकला ऐकू आला आणि मी वळून पाहिलं तर ओठ काळेनिळे झालेले. असं सोडून कशी जाऊ? मी त्या बाईला म्हटलं, "ओट्याचा फोटो आणजो बाई." ती म्हणाली, "आणते ना." कोपऱ्याचं सांगायचं होतं. डावा कोपरा गाळ पुसून पाहा म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांत ते कोणाला बोललेच नव्हते. तेवढ्यात त्यांचं इंजिन सुरू झालं आणि त्या आवाजात सांगितलं असतं तरी काय ऐकू गेलं असतं.

काठावर आम्ही चौघंच राहिलो. मुलगा लाँचेपाशी पाण्यात उभा, फळी हातात धरून ती परत जागेवर बसवायला बघत होता. मित्रानं यांना बाभळीला टेकवून बसवलं, गोळी जिभेखाली ठेवली, वाऱ्यासाठी आपला शर्ट काढून हलवत राहिला. श्वास थोडा खाली आल्यावर चहाचा कप हातात दिला.

"घे. पाह्य आता, काठावरचा चहा कसा लागते."

"गोड हाये."

"साखर नाई टाकली तुह्यात. डॉक्टरनं नाई सांगतली."

हे हसले. मग मित्राच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. माफी-बिफी काही झाली नाही. ती वेळ कधीचीच निघून गेलेली, आणि मित्रालाही आता ती नको होती. तो उठून रोडगे उलटवायला गेला.

मुलगा ओल्या कपड्यांनी येऊन बसला. डोळे लाल. "बाबा, काऊन झालं असं? पुट्टी तर पक्की होती."

मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"लाकूड म्हातारं झालतं बाबू," हे म्हणाले. "पुट्टी पक्कीच होती."

दुपारी लाँचा आल्या. उतरणारी माणसं आधी मोठमोठ्यानं बोलत होती, आम्हाला पाहून गप्प झाली. त्यावरूनच कळलं. ओटा उघडा पडला होता. लोक उतरून त्यावर बसले होते, त्रिशरण म्हणून आले होते, एकानं चार बादल्या पाणी टाकून तो धुतलासुद्धा होता. त्या बाईनं मोबाईल माझ्या हातात दिला. "पाहा वहिनी, किती चांगला आला." ओटा आला होता. मधे तिचे सासरे बसले होते, दोन पोरं उड्या मारत होती, उजवा कोपरा स्वच्छ दिसत होता, त्यावरचा झेंड्याचा गंजका पाइप सुद्धा. डावीकडे फोटो संपला होता. कोपरा त्यात नव्हता.

"अजून हाये का एखादा?" मी विचारलं.

"एकच काढला ना. मोबाईल भिजीन म्हून लगेच ठेवून देल्ला."

रोडगे कोणालाच गेले नाहीत. मित्रानं वांग्याची भाजी झाकून ठेवली.

मी तेव्हाही म्हणत होते, उद्या जाऊ, कोणाची तरी लाँच मागू, त्या दिवसाचाच तर नियम. पण संध्याकाळी यांचं पुन्हा दुखलं आणि रातोरात वर्ध्याला दवाखान्यात आणावं लागलं. तिथून सुटून येईपर्यंत पाणी आणखी उतरलं. मित्राचा फोन आला, लाँच आता ओट्यापर्यंत जात नाही, काठापासून तिथवर नुसता गाळ आहे, म्हैस रुतून बसली. पायी जाता येत नाही, लाँचेत बसून जाता येत नाही. मी त्याला अखेर कोपऱ्याचं सांगितलं, फोनवरच, रडत. तो लगेच ओट्याकडे निघाला, पण मांडीएवढ्या गाळातून परत आला आणि म्हणाला, "वहिनी, नाई जमलं." मग पाऊस लागला आणि ओटा पुन्हा पाण्याखाली गेला.

निळी लाँच काठावर तशीच आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, पुढच्या वर्षी फायबरची घेऊ. न सडते, न फुगते." हे म्हणतात, "घेऊ ना." तो खोलीतून गेला की भिंतीकडे तोंड करून झोपतात. मी पाय दाबत बसते. पूर्वी एवढं बोलायचे की मी म्हणायची, इंजिन बंद करा आता. आता मीच दोघांच्या वाटचं बोलते आणि तेही हल्ली पुरत नाही.

तो फोटो मी माझ्या मोबाईलवर मागवून घेतला. दुपारी घरात कोणी नसलं की हे हात पुढे करतात. मी मोबाईल देते. बोटानं फोटो मोठा करतात आणि डावीकडचं दिसावं म्हणून सरकवत नेतात. कडेपर्यंत जातो आणि अडतो. पुन्हा सरकवतात. पुन्हा अडतो. मग मोबाईल माझ्याकडे परत देतात आणि मी तो उशाशी पालथा ठेवते.